आधी दही की आधी विरजण?

दिवाळीचा फराळ चार दिवस झाला, चकली-करंजीने तोंड भरून गेले, की पाचव्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना साध्या दहीभाताची आठवण होते. दही लावणे ही काही मोठी विद्या नव्हे. दूध तापवावे, कोमट होऊ द्यावे, चमचाभर विरजण घालावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दही तयार. परंतु हे विरजण म्हणजे तरी काय? कालचेच दही. म्हणजे दही करावयास दही हवे, आणि ते दही करावयास त्याच्या आदल्या दिवशीचे दही हवे. मग जगातले पहिले दही लागले कसे? एखाद्या चौकस मुलाने हा प्रश्न विचारला की आई हसते आणि म्हणते, "शहाणा आहेस! जा, शेजारच्या काकूंकडून वाटीत थोडे विरजण घेऊन ये."

वाचकहो, आईने उत्तर टाळले असे आपल्याला वाटते. पण तिने ते दिलेले असते. पिंपरी-चिंचवडची कारखानदारी उभी कशी राहिली आणि आजचे संगणक चालते कसे झाले, या दोन्ही गोष्टींचे मर्म त्या वाटीत आहे.

आपल्या नैयायिकांनी या पेचाला फार पूर्वी नावे देऊन ठेवली आहेत. एखादी गोष्ट स्वतःवरच टेकलेली असली तर आत्माश्रय. दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक गोष्टींचा फेरा झाला तर चक्रक. आणि मागे मागे जाता कोठेच टेकू सापडला नाही तर अनवस्था. तर्कशास्त्रात हे सारे दोष होत. व्यवहारातली माणसे मात्र तेच एका म्हणीत सांगून मोकळी होतात: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. पण त्याच शास्त्रकारांनी बीज आणि अंकुर यांचा दाखला देताना एक सवलत ठेवली. ज्या बीजातून हे झाड आले ते बीज आणि या झाडाला पुढे येणारे बीज ही एक नव्हेत. मध्ये काळ गेला आहे. कालच्या दह्याने आजचे दही लागते, आजच्या दह्याने आजचेच नव्हे. काळाची पायरी मध्ये घातली की फेऱ्याचा जिना होतो.

हा पेच आज सर्वांत जास्त छळतो तो संगणकवाल्यांना. संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर एका तुकड्याचे नसते. ते हजारो लहानमोठ्या पुडक्यांचे बनलेले असते आणि त्या पुडक्यांना पॅकेज म्हणतात. एक पॅकेज तयार करावयास दुसरे आधी तयार असावे लागते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत अशी हजारो पॅकेजे आहेत. बाजारात नव्या जातीचा संगणक आला की ती सारी त्याच्यासाठी पुन्हा मुळापासून घडवावी लागतात, आणि मग फेरे दिसू लागतात. मनुष्याने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो कार्यक्रम, ज्याला कंपायलर म्हणतात, तो स्वतः त्याच भाषेत लिहिलेला असतो. म्हणजे त्याचे रूपांतर करावयास तोच हवा! दही करावयास दही, ते हे.

संगणकवाल्यांनी यावर तीन उपाय काढले. पहिला, काकूंच्या वाटीचा: जुन्या, चालत्या संगणकावर नव्यासाठी कंपायलर तयार करावा आणि उचलून तिकडे न्यावा. दुसरा उपाय अपुरे करून घेण्याचा: एखादे पॅकेज त्याच्या माहितीपुस्तिकेमुळे किंवा चाचण्यांमुळे फेऱ्यात अडकले असेल तर पहिल्या खेपेस पुस्तिका आणि चाचण्या वगळून ते लंगडे का होईना उभे करावे, बाकीची मंडळी तयार झाली की पुन्हा बसून पुरे करावे. आणि तिसरा: दोन पॅकेजे एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसली असतील, तर दोघींना ज्या वस्तूची गरज आहे ती बाजूला काढून तिचे तिसरे, स्वतंत्र पॅकेज करावे. मग दोघी त्या तिसरीवर टेकतात, एकमेकींवर नाही.

गंमत अशी की हे तिन्ही उपाय पवनेच्या काठी, संगणकाचे नाव कोणाच्या कानावर येण्याआधी, लोखंड आणि घाम यांच्या भाषेत करून झाले होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चिंचवड म्हटले की मोरया गोसावींची समाधी आणि गणपतीची यात्राच आठवे. मुंबई-पुणे रस्ता आणि आगगाडीचा मार्ग जवळून जात. भोवती बाजरी-ज्वारीची शेते. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. त्या पिंपरीला पहिला मोठा कारखाना आला तो १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन हे एका बुरशीपासून मिळते. ती बुरशी आधी लहान चंबूत वाढवतात, तिच्या जोरावर मध्यम टाकीत आणि त्या टाकीच्या जोरावर मोठ्या टाकीत. म्हणजे या औद्योगिक पट्ट्याचा पहिला मोठा उद्योग अक्षरशः विरजण लावण्याचा होता, आणि त्याचे ज्ञान शेजाऱ्याच्या वाटीतून आले होते.

मोटारीचा प्रश्न याहून बिकट. ट्रकला क्रँकशाफ्ट लागतो, बेअरिंगे लागतात, गिअर लागतात. क्रँकशाफ्टसाठी मोठी फोर्जिंगची भट्टी घालावी, तर ट्रक निघत नाहीत तोवर तिला गिऱ्हाईक नाही. आणि भट्टी नाही तोवर ट्रक निघत नाही. बेअरिंगचे तर विचारूच नका. बेअरिंगची कडी गुळगुळीत करणारे जे ग्राइंडिंगचे यंत्र, त्याचा दांडा फिरतो तोही बेअरिंगांवरच! शुद्ध आत्माश्रय.

अशा वेळी नुसते उसने आणून भागते का? मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ पासून सुटे भाग परदेशातून आणून गाड्या जोडल्या. पंचवीस वर्षे विरजण येत राहिले, पण घरी दही काही लागले नाही. कारण रोजचे दहीच काकूंकडून येत होते. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याजवळ टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. हा आपला दुसरा उपाय होय: पहिल्या वर्षी गाडी बहुतांशी परकी, मग एकेक भाग देशी. आधी लंगडी गाडी, मग पुरी.

टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. १९६९ मध्ये करार संपला तेव्हा ट्रकवरचे बेंझचे चिन्ह गेले आणि गाडी मात्र थांबली नाही. बजाज ऑटोला १९५९ साली स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओचे साहाय्य घेऊन व्हेस्पा निघू लागल्या आणि आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये तोही करार सरला, आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक बाहेर पडली. पुढे स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले, हे घराघरांतल्या ज्येष्ठांना आठवत असेल. विरजण घेणाऱ्याची परीक्षा काकूंचे दार बंद झाल्यावरच होते. त्या परीक्षेत हा पट्टा उतरला.

पण याच्याही आधी एक फेरा सोडवावा लागला होता. कारखानदार म्हणे, पाणी, रस्ता, वीज दाखवा, मग येतो. सरकार म्हणे, कारखाने येत असतील तर पाणी-रस्त्याचा खर्च करू. लहान उद्योजकाला तर एकट्याने नदीवरून नळ आणणे शक्यच नव्हते. येथे तिसरा उपाय कामी आला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ज्याला आपण सारे एमआयडीसी म्हणतो. प्रत्येकाला लागणारी सामाईक वस्तू, म्हणजे आखलेली जमीन, रस्ते आणि पाणी, ही कोणाही एका कारखान्याकडे न ठेवता वेगळी काढून या तिसऱ्या संस्थेकडे दिली. आता मोठा लहानासाठी आणि लहान मोठ्यासाठी थांबेना. दोघेही महामंडळावर टेकले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत कारखान्यांची रांग लागली. चिंचवडला स्वीडनच्या एसकेएफची बेअरिंगे, दापोडीला सँडविकची कापणीची कठीण हत्यारे, पुण्याच्या दुसऱ्या अंगाला मुंढव्यास १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज. ४ मार्च १९७० रोजी चार ग्रामपंचायती एक होऊन पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका.

हे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. "सामाईक वस्तू वेगळी काढली" हे वाक्य कागदावर सोपे दिसते. ती वस्तू म्हणजे कोणाची तरी जमीन होती. ज्या कुटुंबाची चार एकर काळी महामंडळाने घेतली, त्याच्या हाती मोबदला आला, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले त्याचे स्वतःचे विरजण, म्हणजे बियाणे, बैल आणि औताची विद्या, एका हंगामात निरुपयोगी झाले. त्याचा मुलगा कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला तेव्हा त्याला विचारले गेले, अनुभव आहे का? अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. साऱ्या फेऱ्यांत हा फेरा सर्वांत क्रूर. कारण यात लोखंड अडकत नाही, माणूस अडकतो.

तो सोडवणाऱ्यांत सुमंत मुळगावकर यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेला, सिमेंटच्या धंद्यात यंत्रे उभारण्याचा अनुभव घेतलेला हा मराठी इंजिनियर १९४९ मध्ये टेल्कोत आला. १९६६ साली टेल्कोने पुण्याचे काम सुरू केले. आता लोकांची अपेक्षा अशी की वर्षा-दोन वर्षांत ट्रक बाहेर पडतील. पुण्याहून पहिला ट्रक निघाला तो १९७७ साली! मधली अकरा वर्षे काय चालले होते? यंत्रे बनवणारी यंत्रे, साचे आणि हत्यारे तयार करण्याची व्यवस्था उभी राहत होती आणि ती चालवणारी माणसे शिकत होती. खडकाळ माळावर तळे झाले, झाडे लागली. त्या तळ्याला आज सुमंत सरोवर म्हणतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने कारखान्यांवर तरुणांना शिकवण्याचे बंधन घातलेच होते, परंतु कायद्यापुरते शिकवणे वेगळे आणि शिकवण्यापासूनच कारखान्याची सुरुवात करणे वेगळे.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे तरी काय? अनुभवाच्या फेऱ्यावरचा दुसरा उपाय. मुलगा अजून पुरा कारागीर नाही हे मान्य करून त्याला अर्धा कारागीर म्हणून आत घ्यावयाचे. पहिले कित्येक महिने कानस चालवायची, लोखंडाचा एक ठोकळा सपाट आणि काटकोनात आणायचा, उस्तादाने तो उजेडासमोर धरून पाहावा आणि मान हलवून परत द्यावा. असे शिकलेले हात पुढे कोठे गेले ते भोसरीच्या गल्ल्यांतून हिंडले की कळते. मोठ्या कारखान्यात शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी दोन लेथ टाकून स्वतःचे शेड थाटले आणि पूर्वीच्या मालकालाच भाग पुरवू लागले.

आता कोणी म्हणेल, उसने आणले, अपुरे केले, सामाईक काढले, हे सारे ठीक. पण मुलाचा मूळ प्रश्न राहिलाच. पहिले दही कोणी लावले? ज्यांच्या शेजारी काकूच नाहीत त्यांनी काय करावे? जुन्या सुगरणी याचेही उत्तर जाणतात. घरात विरजण नसले तर कोमट दुधात हिरव्या मिरच्यांची देठे टाकून ठेवतात. पहिले दही पातळ आणि बेचव होते, पण त्याच्या विरजणाने दुसरे बरे लागते आणि तिसरे चांगले.

यंत्रविद्येत अशी मिरचीची देठे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात सापडली. अचूक सपाट पृष्ठभाग तपासायला अचूक सपाट पृष्ठभागच लागतो. मग पहिला कोठून आणावा? जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली त्याची रीत मांडली. लोखंडाच्या तीन पाट्या घ्याव्यात. रंग लावून पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर टेकवावी आणि जेथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडावा. दोनच पाट्या घेतल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊन एकमेकींना खोटी साक्ष देतील. तिसरी आली की लबाडी टिकत नाही. तिन्ही जुळल्या तर त्या सपाटच असल्या पाहिजेत. आधीच्या कोणत्याही आदर्शावाचून अचूकपणा जन्माला येतो. लबाड अन्योन्याश्रय मोडायला प्रामाणिक तिसरा लागतो, हे केवळ लोखंडापुरते खरे नाही.

संगणकाच्या जगातही ही काळजी पडलीच. १९८४ साली केन थॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात दाखवून दिले की जुन्या कंपायलरमध्ये एखादी खोड लपवली तर त्याने घडवलेल्या नव्या कंपायलरमध्येही ती उतरते, आणि लिहिलेल्या आज्ञा डोळ्यांत तेल घालून वाचल्या तरी सापडत नाही. विरजण बिघडलेले असले तर पुढचे सारे दही बिघडते, आणि उसन्या विरजणात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. म्हणून काही जिद्दी मंडळी मिरचीच्या देठांच्या शोधात निघाली. २०२३ साली ग्वीक्स या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी जाहीर केले की अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून, एकेक पायरी चढत, आपली सारी पॅकेजे घडवता येतात. ३५७ बाइट म्हणजे इंग्रजी लिपीतील ३५७ अक्षरे, एखाद्या पोस्टकार्डाच्या मजकुराएवढे! तेवढे मनुष्य स्वतः वाचून खात्री करून घेऊ शकतो.

मुळगावकर १९८९ मध्ये गेले. १९९४ साली निघालेल्या सुमो गाडीच्या नावात त्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. १९९८ मध्ये इंडिका आली, तेव्हा तिची जोडणीची साखळी ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून विकत आणलेली होती. यात कमीपणा काही नाही. स्वतःचे साचे आणि हत्यारे घडवणारे हात घरी असले की दुसऱ्याची वाटी आणण्यात संकोच वाटत नाही. ते हात नसले की मात्र ती वाटी भीक होते. उसने घेणे आणि परावलंबन यांत फरक एवढाच.

आज हा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेला आहे. ज्या चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाला सुमारे दोन महिने झुंजवले आणि ज्या चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध, तेथे बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे कारखाने उभे आहेत. हे का आले? भाग पुरवणारे हजारो हात जवळच होते म्हणून. आणि ते हात का टिकले? मोठे कारखाने येत राहिले म्हणून. पूर्वी जो फेरा दोघांना अडवून बसला होता, तोच आता दोघांना पुढे ढकलतो आहे. एकदा फिरू लागलेले चक्र आणि अडलेले चक्र आकाराने सारखेच असते. फरक पहिल्या धक्क्याचा.

नवे फेरे येतच राहतील. विजेच्या गाड्या हव्यात तर चार्जिंगची केंद्रे हवीत, आणि केंद्रे हवीत तर गाड्या हव्यात. २०२२ साली आकुर्डीत, जुन्या चेतकच्याच गावी, विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. तिची विरजणाची युक्ती साधी आहे: ती घरच्या विजेवर चार्ज होते, म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला रस्त्यावरच्या केंद्राची वाट पाहावी लागत नाही.

आणि फाटकाशी उभा असलेला तो अननुभवी मुलगा? तो आजही उभा आहे. कधी फाटक कारखान्याचे असते, कधी हिंजवडीच्या काचेच्या इमारतीचे. प्रश्न तोच, अनुभव आहे का? ज्यांना एके काळी कोणी अर्धे कारागीर म्हणून आत घेतले, त्यांच्याच हाती आता ते फाटक आहे. काकूंनी दिलेले विरजण काकूंना परत करायचे नसते. ज्याच्या घरी नाही त्याने दार वाजवले, की आपल्या भांड्यातले चमचाभर काढून त्याच्या वाटीत घालायचे असते. पहिले दही कोणी लावले हे नेमके सांगता येणार नाही. पण ते आजवर आटले का नाही, हे मात्र सांगता येते.